ड्युटी लिस्ट महिना सुरू होण्याआधी लावा : रुग्णालयांच्या संचालकांना एका परिचारिकेचं खुलं पत्र

प्रति,
सांगली-मिरजेतल्या खासगी रुग्णालयांचे संचालक, मेट्रन मॅडम आणि दर महिन्याला ड्युटी लिस्ट करणाऱ्या सर्व इन्चार्ज सिस्टर यांना

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे आणि सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत नाटकं करते. दोन्ही कामं मी मनापासून करते. पगार, रिक्त पदं, क्वार्टर्स यांवर आमच्या संघटना बोलत आल्या आहेत आणि बोलत राहतील. मला फक्त ड्युटी लिस्टबद्दल बोलायचं आहे. पुढच्या महिन्याची लिस्ट चालू महिन्याच्या २० तारखेपर्यंत वॉर्डात लागावी आणि एकदा लागली की खऱ्या आणीबाणीशिवाय तिच्यात बदल होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.

मागणी किरकोळ वाटेल. पण नोकरी, तब्येत आणि स्वतःची एखादी आवड ही तिन्ही सांभाळता येणार की नाही, हे कामाच्या तासांइतकंच या एका कागदावर ठरतं, असं मला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ठामपणे वाटतं. ड्युटी अवघड असली तरी ती कधी आहे हे माहीत असेल, तर तिच्या अलीकडे-पलीकडे झोप, जेवण, मुलांची शाळा, सासूबाईंचं औषध, तालीम हे सगळं बसवता येतं. उद्या मॉर्निंग की नाइट हेच माहीत नसेल, तर हक्काचा ऑफसुद्धा फोनकडे बघण्यात जातो. तो दिवस विश्रांतीचाही होत नाही आणि नाटकाचाही.

प्रत्यक्षात काय घडतं ते सांगते, कारण लिस्टवर सही करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांपर्यंत ते पोचत नसावं. मी ज्या रुग्णालयांत काम केलं, त्यांतल्या एका ठिकाणी लिस्ट आठवड्याची असे आणि ती शनिवारी रात्री व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पडे. रविवारपासूनच ती लागू. तीही कायम राहत नसे. रात्री साडेदहाला मेसेज येई, ‘सिस्टर, उद्या इव्हिनिंगऐवजी मॉर्निंगला या.’ कुणाचं मूल आजारी, कुणी राजीनामा दिलेला, कुणी न कळवताच सोडून गेलेलं. कापलेल्या ऑफच्या बदल्यात सी-ऑफ मिळेल असं सांगितलं जाई आणि तो महिनोन्महिने वहीतच राही. इव्हिनिंग ९ ला संपते. पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची ओव्हर देऊन, चार्ट पुरे करून, औषधांचा हिशेब लावून बाहेर पडायला पावणेदहा होतात. घरी पोचून जेवून आडवं व्हायला साडेअकरा. सकाळी ७ ची मॉर्निंग असेल तर पाचला उठायचं. दोन ड्युट्यांमधले दहा तास कागदावर बरे दिसतात, त्यातली झोप जेमतेम साडेपाच तासांची असते. आणि त्या झोपेनंतर माझ्यासमोर व्हेंटिलेटरवरचा रुग्ण असतो. त्याला थोडंथोडं औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपवर मिलिलिटरचा एक दशांश चुकला तरी रक्तदाब कोसळू शकतो.

ही अडचण जगाला फार आधीपासून माहीत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७७ साली परिचारिकांसाठी एक करार केला आणि त्याच्या जोडीला १५७ क्रमांकाची शिफारस मंजूर केली. तिच्यात म्हटलं आहे की परिचारिकांना कामाच्या वेळा पुरेशा आधी कळाव्यात, म्हणजे त्यांना आपलं वैयक्तिक आणि कौटुंबिक आयुष्य त्यानुसार लावता येईल; आणि या वेळांना अपवाद फक्त विशेष आणीबाणीतच केला जावा. दोन पाळ्यांमध्ये सलग किमान १२ तासांची विश्रांती असावी, असंही तीच शिफारस सांगते. शिफारशीला कायद्याचं बंधन नसतं हे मला माहीत आहे. पण हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. आपण काही जगावेगळं मागत नाही, माझ्या जन्माच्या आधी कुणीतरी आमच्या आयुष्याचा इतका बारकाईने विचार करून ठेवला आहे, असं वाटलं. युरोपीय संघात तर २४ तासांत सलग ११ तासांची विश्रांती हा कायदाच आहे.

आपल्याकडेही कागद कोरा नाही. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या स्थितीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली समिती नेमायला सांगितलं. त्या समितीने खाटांच्या संख्येनुसार पगार सुचवले, ते सगळ्यांना आठवतात, कारण त्यावरून मोर्चे निघाले. त्याच अहवालात कामाचे तास, रजा, वाहतूक यांसारख्या सोयी राज्य सरकारच्या परिचारिकांसारख्या असाव्यात असंही म्हटलं होतं. त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.

आता तब्येतीचं. आम्ही दिवसभर दुसऱ्यांना वेळेवर जेवा, वेळेवर झोपा असं सांगतो आणि ते सांगताना आमच्या पोटात काही नसतं. आमच्या वॉर्डात थायरॉइडची गोळी घेणाऱ्या, पाळी अनियमित झालेल्या, पायाच्या शिरा फुगलेल्या, पस्तिशीतच रक्तदाब सुरू झालेल्या मुली मी रोज बघते. एकेकीच्या आजाराचं कारण नाइट ड्युटीच आहे असं मी म्हणणार नाही. तेवढं वैद्यक मला कळतं. पण रात्रपाळीबद्दल आणि लांबलेल्या कामाच्या तासांबद्दल जे समोर आलं आहे ते पुरेसं गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीच्या कामाला ‘माणसांत बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवलं. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मिळून सांगितलं. लिस्ट नियमित ५५ तासांच्या खाली दिसते. डबल ड्युट्या धरल्या की अनेकींचा आठवडा त्याच्या वर जातो.

शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं. रात्रभर जागून सकाळी आठला घरी येऊन झोपलं, तरी बाहेरचा उजेड, वाढत जाणारं अंगाचं तापमान, कुकरच्या शिट्ट्या आणि दारावरची बेल यांनी ती झोप चार-पाच तासांतच मोडते. नाइट टाळता येत नाहीत, रुग्ण रात्रीही असतात. पण नाइट कशा लावायच्या हे तुमच्या हातात आहे. मॉर्निंगनंतर इव्हिनिंग, मग नाइट, मग ऑफ असा पुढे सरकणारा क्रम शरीराला उलट क्रमापेक्षा सोपा जातो. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग लावू नये. नाइटच्या ओळीनंतरचा पहिला दिवस ऑफमध्ये धरू नये, कारण तो झोपेतच जातो. या गोष्टींना पैसे लागत नाहीत. लिस्ट घाईघाईत भरली तर मात्र त्या कधीच साधत नाहीत, म्हणून ती आधी करायची.

आणि आता नाटकाबद्दल. हे मी शेवटी ढकललं नाही, कारण माझ्या मते इथेच सगळ्यात मोठा अन्याय होतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो तो त्यामुळे. नाटककार देवल इथले, खाडिलकर इथले. मिरजेत तर एका बाजूला दवाखाने आणि दुसऱ्या बाजूला सतारमेकरांची गल्ली. कर्नाटकातून रेल्वेने आलेले रुग्ण स्टेशनवर उतरून आमच्याकडे येतात, आणि देशभरातले गवई तंबोरा जुळवून घ्यायला त्याच स्टेशनवर उतरतात. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात गायले. अशा गावात रुग्णसेवा करणाऱ्या बाईला गाणं किंवा नाटक हवंसं वाटलं, तर त्यात नवल काय?

महाराष्ट्राची हौशी रंगभूमी उभी केली ती नोकरी करणाऱ्या माणसांनी. बँकेतले कारकून, शिक्षक, पोस्टातले, वीज मंडळातले, एलआयसीतले. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालत आली आहे. तिच्या मंचावर उभे राहिलेल्या बहुतेकांनी दुपारी टेबलावर सह्या केल्या आणि संध्याकाळी तालमी केल्या. त्यांच्यात गुण होते, कष्ट होते. पण त्याबरोबर त्यांच्याकडे ठरलेली वेळही होती. साडेपाचला कचेरी सुटणार हे दिग्दर्शकाला माहीत असे, म्हणून सातची तालीम लागे. तुम्ही म्हणाल, परिचारिकेचं काम पाळीचं, त्याची बरोबरी कचेरीशी होत नाही. मान्य. पण मग मुंबईचं गिरणगाव बघा. गिरणीतही तीन पाळ्या होत्या आणि काम अंगाचं पाणी करणारं होतं. तरी तिथे भजनी मंडळं होती, शाहिरी होती, परळच्या दामोदर हॉलमध्ये कामगारांची नाटकं होत होती. कुठल्या आठवड्यात कुठली पाळी हे कामगाराला आधी माहीत असे. पाळी बदले, पण ठरल्याप्रमाणे बदले. १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळ आलं, त्याची केंद्रं गावोगावी निघाली, त्याच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. कामगाराला कामाबाहेरही आयुष्य आहे आणि त्याची जबाबदारी समाजाने घ्यायची, हे या राज्याने सत्तर वर्षांपूर्वी मान्य केलं आहे.

आमच्या पिढीत या रंगमंचावर परिचारिका किती दिसतात? फार थोड्या. आवड नसते म्हणून नव्हे. नर्सिंग कॉलेजात असताना याच मुली एकांकिका करतात, नाचतात, गातात. दर १२ मेला परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात रुग्णालयही आमच्याकडून नाटुकलं बसवून घेतं आणि संचालक पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या खऱ्या असतात, हे मी जाणते. म्हणूनच तुम्हाला सांगते, की ती मुलगी बाकीच्या वर्षात नाटक करू शकत नाही. तालीम हे एकटीने सवड काढून करायचं काम नाही. मी आले नाही तर माझ्यासमोरच्या नटाचा प्रवेश बसत नाही, प्रकाशयोजना करणाऱ्याला जागा कळत नाहीत, पाच-सहा माणसं आपापल्या नोकऱ्यांतून धावत येऊन हात हलवत परत जातात. दोनदा-तीनदा असं झालं की दिग्दर्शक चांगल्या शब्दांत सांगतो, ‘तू पुढच्या वर्षी कर.’ त्याचा दोष नाही. माझ्याबाबतीत हे एकदा स्पर्धेच्या तोंडावर झालं. पाठ झालेली, अंगात मुरलेली भूमिका दुसरीला गेली, कारण मी अंतिम तालमींना हमखास येईन असं मलाही सांगता येत नव्हतं.

माझ्याबरोबर काम करणारी एक मैत्रीण किराणा घराण्याचं गाणं शिकत होती. तिच्या गुरूंनी तिला सकाळी सहाची वेळ दिली होती, कारण खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज तेव्हाच व्हायचा. मॉर्निंग असली की ती वेळ बुडायची, नाइट असली की बुडायची, आणि कुठल्या आठवड्यात काय लागणार हे सांगता येत नसल्यामुळे गुरूंना दुसरी वेळही मागता येत नव्हती. तिने गाणं सोडलं. तंबोरा अजून घरी आहे, त्याची जवारी, म्हणजे तारांची गुंज, गेलेली आहे, आणि ती त्याबद्दल बोलत नाही. तिच्याकडे दिवसाचे तास कमी नव्हते. ते हाती येतील तेव्हा येतील, असे होते.

काही हितचिंतक आम्हाला सांगतात, छंदाने ताण जातो, परिचारिकेचं काम सुधारतं, म्हणून तो जपा. हे खरं असेल. नाटकाने मला थांबायला शिकवलं, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत ऐकायला शिकवलं, आणि मृत्यूची बातमी सांगताना आवाज कुठे ठेवायचा हेही थोडंफार शिकवलं. पण मी नाटकाची बाजू या उपयोगावर मांडणार नाही. रुग्णालयाला फायदा होतो म्हणून मला नाटक करू द्या, असं म्हटलं की ते उरलेले तासही रुग्णालयाचेच होतात. नाटक माझं आहे. त्याने माझं काम सुधारलं नसतं, तरी संध्याकाळी सातला तालमीला जाण्याचा माझा हक्क तेवढाच असता. यात बाई असण्याचाही भाग आहे. आमच्यात बहुसंख्य बायका. घरी गेल्यावर दुसरी ड्युटी असतेच. वेळ अनिश्चित झाली की आधी आवड जाते, मग झोप, मग दवाखान्यातली स्वतःची तपासणी. घरकाम आणि नोकरी शेवटपर्यंत टिकतात. हा क्रम मी इतक्या जणींच्या आयुष्यात पाहिला आहे, की आवड सुटली असं कुणी सांगितलं तर मला आता तिच्या तब्येतीची काळजी वाटू लागते.

तुमच्या बाजूची अडचण मला दिसते. माणसं कमी आहेत, रुग्णांची संख्या सांगून येत नाही, रात्री अपघात येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कुणीही लिस्ट विचारली नाही. ज्यांना पोचता आलं त्या पोचल्या, ज्यांच्या जागी पुढच्या पाळीचं कुणी आलं नाही त्या वॉर्डातच राहिल्या. २०२० आणि २०२१ मध्येही तसंच. पुढेही तसंच वागू. त्याला आणीबाणी म्हणतात. पण मंगळवारी दुपारी कुणीतरी रजेवर आहे, ही आणीबाणी नव्हे. माणसं आजारी पडणार, बाळंतपणाला जाणार, परीक्षेला बसणार, हे ठरलेलं आहे. म्हणून तर परिचारिकांची पदं मोजण्याच्या निकषात ३० टक्के जादा पदं रजा-राखीव म्हणून धरलेली असतात. ती धरायची नाही आणि उणीव दर आठवड्याला कुणाचा तरी ऑफ कापून भरायची, हा मार्ग स्वस्त वाटतो. त्याची किंमत राजीनाम्यांत जाते. दोन वर्षं शिकवून तयार केलेली आयसीयूची मुलगी दुबईला किंवा पुण्याला गेली, की नव्या मुलीला व्हेंटिलेटरचे अलार्म ओळखता यायला पुन्हा किती महिने जातात, हे इन्चार्ज सिस्टरना विचारा.

काम कसं करावं याबद्दल माझं एक सुचवणं आहे. वॉर्डात एक वही ठेवा. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत प्रत्येकीने पुढच्या महिन्यात कुठले दिवस हवेत ते तिच्यात लिहावं. प्रयोग असो, मुलाची परीक्षा असो, दंतवैद्याची तारीख असो, कारण विचारू नका. लग्नकार्याचा ऑफ ‘खरा’ आणि तालमीचा ‘चैनीचा’ असा भेद इन्चार्जनी करू नये. ते ठरवणं त्यांचं काम नाही आणि त्यांच्यावरही तो भार नको. सगळ्यांचं सगळं मान्य होणार नाही, पण काय झालं नाही ते महिना सुरू होण्याआधी कळेल. २० तारखेला लिस्ट वॉर्डाच्या भिंतीवर लावा. नंतर दोघींना आपसात बदल करायचा असेल तर इन्चार्जची सही घेऊन करू द्या. आम्ही एकमेकींना सांभाळून घेतो. रुग्णालयाकडून बदल झाला तर त्याचं कारण आणि आदेश देणाऱ्याचं नाव त्याच वहीत लिहा. बदली सी-ऑफ ३० दिवसांत मिळावा. ऑफच्या दिवशी फोन फक्त खऱ्या आणीबाणीत यावा.

जाता जाता माझ्या नाटकवाल्यांनाही सांगते, कारण हे पत्र तेही वाचतील. रात्री दहाला सुरू होऊन दीडला संपणारी तालीम हे समर्पणाचं लक्षण आहे, ही समजूत सोडा. सकाळी सातला ज्यांना रुग्ण ताब्यात घ्यायचा आहे, बस चालवायची आहे, त्यांना ती परवडत नाही. तुम्हीही तालमींचं वेळापत्रक महिना सुरू होण्याआधी द्या, वेळेवर सुरू करा, अकराच्या आत सोडा. हौशी नाटकात नोकरी करणाऱ्या बायका हव्या असतील तर याला पर्याय नाही.

संचालक महोदय, सगळ्या रुग्णालयात एकदम हे करा असा माझा हट्ट नाही. एक वॉर्ड घ्या, शक्यतो आयसीयू, कारण तिथे सगळ्यात अवघड आहे. जुलैपासून तीन महिने करून बघा. त्या तीन महिन्यांतल्या आजारपणाच्या रजा, ऐनवेळच्या गैरहजेऱ्या आणि राजीनामे मोजा आणि आधीच्या तीन महिन्यांशी ताडून पाहा. आकडे आम्हालाही दाखवा. हे पुढेही चालू राहिलं, तर ऑक्टोबरच्या लिस्टची वही १० सप्टेंबरपर्यंत भरायची असेल. आमच्या संस्थेच्या स्पर्धेच्या तालमी तेव्हा रंगात आलेल्या असतात, त्यामुळे मला हवे असलेले दिवस मी पहिल्याच दिवशी लिहीन. तुमच्यापैकी ज्या मेट्रन मॅडमना पहिली लिस्ट बसवताना मदत लागेल, त्यांच्यासोबत मी आणि माझ्या दोन सहकारी आमच्या ऑफच्या दिवशी बसायला तयार आहोत.

आपली,
अतिदक्षता विभागातली एक परिचारिका
मिरज